उसना रवंथ

सर्वपित्रीला दुपारी बारा ते तीन आमच्या गाईसमोर, हौशीसमोर, रांग लागते. एरवी देवळात येणारी माणसं गवताची पेंडी विकत घेतात, तिच्या पुढ्यात टाकतात, तिच्या कपाळाला हात लावून तोच हात आपल्या कपाळाला लावतात आणि मेट्रोच्या पुलाकडे पळतात. सर्वपित्रीला घरून पान वाढून आणतात. भात, वरण, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. कावळ्यासाठी गच्चीवर पान ठेवलं तर सोसायटीचा सेक्रेटरी बोंबलतो, मग कावळ्याचा वाटाही गाईलाच.

मी सुलक्षणा. मरोळला देवीचं देऊळ आहे, त्याच्या पुढच्या दाराशी गाय घेऊन बसते. माझ्या आधी सासू बसायची. तोंडाची मी फटकळ आहे, ते गल्लीत कोणालाही विचारा. पण गाईच्या बाबतीत मला कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत.

आमच्या कामाची एक रीत आहे. पान आलं की गाईच्या तोंडाशी धरायचं. तिने एक घास घेतला की ‘पावलं हो’ म्हणायचं आणि उरलेलं हळूच मागच्या बादलीत. माणूस तोवर हात जोडून डोळे मिटून असतो. सासूने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, ‘गाईचं तोंड लोकांचं, पोट आपलं.’ बावीस वर्षं मी हे पाळलं.

यंदा एक माणूस आला, चाळिशीचा, डोकं भादरलेला. वडील उन्हाळ्यात गेले म्हणाला. डोळे मिटेना. म्हणाला, “मावशी, सगळं खाऊ दे तिला. बाबांना खीर फार आवडायची.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बादलीकडे न्यायचा हात मागे घेतला. हौशीने द्रोण चाटून साफ केला. तो माणूस लहान मुलासारखा हसला, आणि ते रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. मग काय, आमचंही पूर्ण खाऊ दे. आमच्या आईला वडे आवडायचे. आमच्या काकांना भात. ज्याला त्याला आपलं पान रिकामं बघायचं होतं, आणि हौशी नावासारखीच. मान वर न करता खात होती.

मला थांबवता आलं असतं. खरं सांगते, मला थांबवायचं नव्हतं. लोक म्हणत होते, काय भाग्याची गाय आहे. ते ऐकायला मला बरं वाटत होतं.

शांताबाई तेव्हाच कोपऱ्यावरून आली. ही मागच्या दाराशी, चपलांच्या स्टँडजवळ बसते, आपली काशी घेऊन. परभणीकडची बाई, साठीची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती माझ्याच बाजूला पुढे बसायची. काशी म्हातारी, हाडं दिसतात, भाविकांना बरं दिसत नाही असं मी ट्रस्टच्या माणसाच्या कानावर घातलं आणि त्याने तिला मागे घालवली. मागे कोण जातो. काशीला दिवसभरात गवताच्या चार पेंड्या मिळाल्या तर मिळाल्या.

“सुलक्षणे, बास कर,” शांताबाई म्हणाली. “गाय हाय ती, पिंप न्हाई. शिजलेलं मुठीच्या वर घालूने.”

“तुझ्या काशीला कोणी घालत नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतंय,” मी म्हटलं. रांगेतल्या दोन बायका हसल्या.

ती माझ्याकडे नाही, हौशीच्या डाव्या कुशीकडे बघत राहिली. मग गेली.

संध्याकाळी घरी नेताना हौशी मिलिटरी रोडच्या नाक्यावर दोनदा थांबली. मागे रिक्षावाले हॉर्न मारत होते. मी तिच्या पाठीवर थाप मारली तरी पाय उचलेना. दात कराकरा वाजवत होती. मी स्वतःला सांगितलं, जेवण जास्त झालंय, सुस्ती आली. आमची चाळ आरेच्या कडेला चढावर आहे, मागे ताडपत्री टाकून गोठा केलाय. तिथे पोचल्यावर ती पाणी प्यायली, खूप प्यायली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रवंथ करत नव्हती. मी ते पाहिलं आणि घरात जाऊन भाकऱ्या थापल्या.

सकाळी माझा नवरा जयवंत ड्युटीवरून आला. तो सीप्झजवळच्या एका कंपनीत वॉचमन आहे. आधी गोठ्यात डोकावतो, मग घरात येतो, ही त्याची सवय. त्या दिवशी तो आत आलाच नाही. बाहेरून त्याचा आवाज आला, “सुलू, हय ये. बेगीन ये.”

हौशी बसली होती. बसली म्हणजे पडलीच होती, मान पोटाकडे वळवून. शेपटीपासून मागच्या पायांपर्यंत करडं पाणी. वास असा की तोंडात आंबट चव आली. डोळे खोल गेलेले. मी हाक मारली तर कान हलला नाही. मी तिच्या नाकाला हात लावला. नाक कोरडं होतं, आणि गार.

मी तिथेच घाणीत बसले.

“तिका काय खावक घातलंस?” जयवंत म्हणाला.

“रोजचंच.”

“सुलू.”

“रोजचंच म्हटलं ना. दोन-चार पानं जास्त असतील.”

त्याने फोन काढला आणि आरेतल्या तबेल्यांवर जाणाऱ्या डॉक्टरला लावला. तो दिवस घटस्थापनेचा. चाळीत सगळ्यांकडे घट बसत होते, तांब्यावर नारळ ठेवला जात होता, अगरबत्तीचा वास आमच्या गोठ्यापर्यंत येत होता आणि त्या आंबट वासात मिसळत होता.

डॉक्टर मुलगीच होती, चेतना नाव, स्कूटीवरून आली. गमबूट घालून थेट हौशीच्या डाव्या कुशीशी गुडघे टेकून बसली. मुठीने कूस दाबली तर आत पाणी खळखळलं. पखालीत खळखळावं तसं. ते मीही ऐकलं.

“काय खाल्लं तिने?”

“रोजचंच, डॉक्टर. गवत. आणि लोक देतात ते थोडं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातमोजा चढवला, हौशीच्या मागचं शेण ओंजळभर घेतलं, बादलीत टाकलं आणि वरून पाणी ओतत, ढवळत, वरचं ओतून देत राहिली. तांदूळ धुतात ना, तसं. चाळीतल्या तीन-चार बायका हळदीकुंकवाची ताटं हातात घेऊन कठड्याला उभ्या होत्या. बादलीच्या तळाशी शेवटी जे राहिलं ते डॉक्टरने तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरलं. भाताची शितं. हरभऱ्याची डाळ. वड्याचा तांबूस तुकडा. एक अख्खा काजू.

“हे रोजचं?” ती म्हणाली.

मी जयवंतकडे बघितलं नाही. सगळं सांगितलं. रांग सांगितली, खीर सांगितली, किती पानं ते आठवेल तसं सांगितलं.

डॉक्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली आणि कामाला लागली. मानेच्या शिरेत सुई घातली, सलाईनची बाटली ताडपत्रीच्या बांबूला टांगली. खायचा सोडा पाण्यात कालवून नळीने पोटात सोडला. जयवंत हौशीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. करता करता डॉक्टर बोलत होती, मला समजावं म्हणून सोपं करून.

“मावशी, गाय गवत खाते ना, ते तिला स्वतःला पचत नाही. तिच्या पोटात बारीक जंतू असतात, कोट्यवधी. गवत ते खातात. ते वाढतात आणि त्यांच्यावर गाय जगते. काल तुम्ही भात-खीर घातली. त्याने आंबवणारे दुसरे जंतू माजले. पोट आंबलं, आणि गवत पचवणारे मेले.”

“सगळे?”

तिने कानातली नळी काढून माझ्या कानात घातली आणि दुसरं टोक हौशीच्या कुशीवर ठेवलं. “चांगलं पोट मिनिटाला एकदा तरी गडगडतं. लांबून ढग वाजल्यासारखं. ऐका.”

मी ऐकलं. श्वास धरून ऐकलं. आत काहीच नव्हतं. बंद खोलीला कान लावावा तसं. मग एकदम घुर्र असं आलं आणि मी म्हटलं, “आला, आला आवाज.”

“विमान आहे ते,” जयवंत म्हणाला.

आमच्या डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान उतरतं. इतक्या वर्षांत मला ते ऐकूही येईनासं झालं होतं. त्या दिवशी एकेक विमान मला फसवून गेलं.

“सोड्याने आंबट कमी होईल,” डॉक्टर म्हणाली. “पण मेलेले जंतू परत येत नाहीत. दुसऱ्या निरोगी गाईच्या पोटातलं पाणी आणून हिच्यात घालायला हवं. विरजण लावतो ना, तसं. आज दुपारपर्यंत. भात न खाल्लेली, निव्वळ गवतावरची गाय पाहिजे. आहे कोणाची ओळखीची?”

तबेल्यातल्या म्हशी दिवसाला पाटीभर पेंड-भुशाचं आंबोण खातात. देवळांसमोरच्या गाई काल माझ्यासारख्यांनीच चारलेल्या. मरोळपासून चकाल्यापर्यंत गवतावरची एकच गाय होती, आणि ती गवतावर का होती ते माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

मी साडी न बदलता निघाले. देवळासमोर पहिल्या माळेची गर्दी, झेंडूचे ढीग, बायकांची रांग रस्त्यापर्यंत. पुढच्या दाराशी, माझ्या जागेवर, शांताबाई बसली होती. काशीच्या शिंगांना तिने झेंडूची माळ बांधली होती. समोर गवताच्या पेंड्यांचा ढीग, आणि लोक घेत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा घेत होते.

तिने मला पाहिलं आणि उठायला लागली. “उठते बया. तू आली न्हाईस म्हून बसले.”

“बस,” मी म्हटलं. “शांताबाई, हौशी मरायला लागलीय.”

माझ्या पदराचा वास तिला आला असणार. तिने नाक मुरडलं नाही. “आंबलं?” एवढंच विचारलं.

मी काशीचं सांगितलं. पोटातलं पाणी, जंतू, डॉक्टर. ऐकता ऐकता तिचा हात काशीच्या गळ्यातल्या दाव्यावर घट्ट झाला. तिच्या गावाकडे म्हणतात, एका गाईच्या तोंडातला रवंथ काढून दुसरीला दिला की देणाऱ्या गाईचा रवंथ आटतो. परत येतो किंवा येतही नाही. तिच्या बापाने एकदा चुलत्याच्या बैलासाठी दिला होता, बैल उठला आणि बापाची गाय आठवड्यात गेली. हे तिने मला तिथेच सांगितलं, गवताचे सुटे पैसे एका बाईला परत देता देता.

“माझी एकच हाय गं,” ती म्हणाली. “तिच्यामागं मला कोन हाय?”

मला पाया पडावंसं वाटलं आणि लाजही वाटली. मी तिच्या पाया पडले. लोकांना वाटलं, काहीतरी नवरात्रीचं असेल. एका बाईने माझ्याबरोबर तिला हात जोडले.

शांताबाईने माझं डोकं ढकललं. “ऊठ. नाटकं नको करू. त्या मुक्या जिवानं काय केलंय?” तिने पेंड्यांचा ढीग फुलवालीकडे ठेवायला दिला आणि दावं सोडलं. पहिल्या माळेचा दिवस, गर्दी अशी, आणि ती बाई त्या जागेवरून उठली.

चढावर येईतो साडेअकरा झाले. काशी दमली होती. डॉक्टरने काशीसाठी नळी काढली तशी शांताबाई आडवी आली. “तिच्या नरड्यात ते घालायचं न्हाई. म्हातारी हाय. मी हातानं काढते.”

“मला तीन-चार लिटर हवंय आजी. हाताने किती निघणार?”

“निघंल तेवढं निघंल. न्हाईतर चालले मी.”

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मग हौशीकडे. “काहीच नसण्यापेक्षा बरं,” म्हणाली. तिला आरेत एका म्हशीचं बाळंतपण होतं. बाटलीने कसं पाजायचं ते जयवंतला दाखवलं. “मान फार उचलू नका. ठसका लागला तर लगेच सोडा, श्वासात गेलं तर गेली.” संध्याकाळी येते म्हणून ती गेली.

आता काशीने रवंथ करायला हवा होता. परकी जागा, परका वास, शेजारी आजारी जनावर. ती उभीच राहिली, तोंड बंद. शांताबाईने आम्हाला भिंतीपलीकडे घालवलं, कठड्यावरच्या बायकांना आत जायला सांगितलं. मग तिने काशीला गवत घातलं आणि गळ्याखाली खाजवत बसली. आम्ही नवरा-बायको भिंतीमागे उकिडवे बसलो. वर विमानं उतरत होती. जयवंतने डोळे मिटले होते, पण तो झोपला नव्हता.

“मरतली गो ही,” तो हळू म्हणाला. “आवशीन वाढवल्यान तिका, बाटलीन.”

हौशी वासरू असताना तिची आई मेली होती. सासूने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. मी म्हटलं, “मला शिव्या दे ना.” त्याने दिल्या नाहीत.

तासाभराने शांताबाईची हाक आली. काशी बसली होती, जबडा हलत होता. शांताबाई तिच्या गळ्यावर नजर ठेवून होती. गळ्यातून गोळा वर चढताना दिसतो. तो तोंडात आला त्याच क्षणी तिने दात नसलेल्या बाजूने हात घातला आणि हिरवा, ऊन, लाळेने चिकट गोळा बाहेर काढला. काशीने रिकामं तोंड दोनदा हलवलं आणि आमच्याकडे पाहिलं. मी तपेल्यात कोमट पाणी धरलं होतं. वास आला तो ओल्या गवताचा, साधा, गोड. मला रडू फुटलं.

असे सात गोळे निघाले. आठव्याला काशीने तोंड मिटलं आणि मान फिरवली. शांताबाईचा हात कोपरापर्यंत हिरवा होता. दोन बोटांवर दाताचा चरा पडून रक्त येत होतं.

कालवून, गाळून आम्ही ते हौशीला पाजलं. जयवंतने डोकं धरलं, मी बाटली ओठांच्या कोपऱ्यातून सरकवली. तिसऱ्या घोटाला तिला ठसका लागला. सगळं अंग ताठ झालं, डोळे पांढरे झाले. मी बाटली टाकून दिली. जयवंतने मान खाली केली आणि आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. ती खोकली, पुन्हा खोकली, मग तिच्या नाकातून पाणी आलं आणि श्वास सुरू झाला. मी बाटली पुन्हा उचलली नाही, उरलेलं शांताबाईने पाजलं.

मग वाट बघणं. मी हौशीच्या कुशीला कान लावून पडले. विमान येई, घुर्र होई, विमान जाई, आत काही नसे. दोन वाजले. तीन वाजले. सलाईनची दुसरी बाटली संपली. माशा बसत होत्या, जयवंत त्या उडवत होता. चारच्या सुमाराला माझ्या कानाखाली काहीतरी सरकलं. लांबून, हळू, गडगडत. मी विमान समजून वर पाहिलं. ताडपत्रीच्या फटीतून आभाळ दिसत होतं. त्यात काही नव्हतं. मी थांबले. मिनिटभराने पुन्हा आलं.

“जयवंत,” मी म्हटलं. “कान लाव.”

त्याने कान लावला. बराच वेळ काढला नाही. मग तो उठून भिंतीमागे गेला. तिथून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

मी शांताबाईला सांगायला वळले. ती आमच्याकडे बघतच नव्हती. ती काशीच्या तोंडाकडे बघत होती. काशी आठव्या गोळ्याला तोंड मिटून बसली होती ती तशीच होती. अडीच-तीन तास झाले होते. पुढ्यातलं गवत तसंच. शिंगावरची झेंडूची माळ वाळली होती.

“खाईना,” शांताबाई म्हणाली. तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. “बगलीस का, खाईना ती.”

मला वाटलं होतं आपली भीती सरली. ती सकाळपेक्षा मोठी होऊन परत आली, आणि यावेळी गाय माझी नव्हती. मी उठून काशीजवळ गेले. तिच्या बरगड्या जवळून बघितल्या, एकेक मोजता येईल अशा. भाविकांना बरं दिसत नाही, असं मी म्हटलं होतं. मी तिच्या कुशीला कान लावला. आत गडगडत होतं, पण मला त्यावर विश्वास बसेना, पुन्हा विमान असेल असं वाटे. मी आरेच्या उतारावर जाऊन विळ्याने कोवळं गवत कापून आणलं, चिखलात दोनदा घसरले. काशीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. मी ते हातात धरून बसून राहिले. शांताबाईने मला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

खालून देवळाच्या आरतीची घंटा ऐकू यायला लागली तेव्हा काशीने मान लांब केली आणि माझ्या हातातली गवताची एक काडी ओढली. मग दुसरी. अर्ध्या तासाने तिच्या गळ्यातून काहीतरी वर चढलं. आम्ही दोघींनी ते बघितलं. तिचा जबडा डावीकडे सरकला, मग उजवीकडे.

शांताबाईने पदराने तोंड दाबून धरलं. मग डोळे पुसून ती उठली, काशीच्या शिंगावरची वाळलेली माळ काढून टाकली आणि दावं हातात घेतलं. “चल माय. देवळाकडं अजून मान्सं असतील.”

“शांताबाई, पुढच्या दाराला बस,” मी म्हटलं. “उद्यापासून रोज. मी सांगते ट्रस्टला.”

“बसनारच व्हते,” ती म्हणाली. “तुला इचारतंय कोन?”

ती चढ उतरून गेली, काशी मागून, सावकाश, तोंड हलवत. मी गोठ्यात परत आले, हौशीच्या कुशीशी आडवी झाले आणि पुन्हा कान लावला. विमान जाईपर्यंत थांबले.